इंग्रजी वाक्यातला 'ही', 'शी', 'इट' नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिणारे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील यांच्याकडून सर्वनामांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे. वचन-लिंग पक्कं असेल तर थेट प्रश्न ५ पासून वाचा, खरी गंमत तिथून पुढे आहे.

१. अँटेसिडंट म्हणजे काय? प्रत्येक सर्वनामाला तो असतोच का?

सर्वनाम ज्याच्या जागी येतं ते नाम म्हणजे अँटेसिडंट. "मीना लॉस्ट हर की" या वाक्यात 'हर'चं अँटेसिडंट 'मीना'. पुढे मी त्याला सरळ 'मूळ नाम' म्हणतो. ते एकच शब्द असेल असं नाही. "द ओल्ड मॅन हू सेल्स पीनट्स आउटसाइड द स्टेशन" हा आख्खा तुकडा पुढच्या वाक्यातल्या 'ही'चं मूळ नाम होऊ शकतो.

सगळ्याच सर्वनामांना मूळ नाम लागत नाही. 'आय' आणि 'यू' म्हणजे कोण ते बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला माहीतच असतं. "इट इज रेनिंग" मधला 'इट' तर कशाच्याच जागी आलेला नाही. आपण नुसतं "पाऊस पडतोय" म्हणून मोकळे होतो, पण इंग्रजीला 'रेनिंग'साठी कर्ता हवाच असतो, म्हणून 'इट' बसवलेला.

२. जुळवायचं म्हणजे नक्की काय काय जुळवायचं?

वचन, लिंग आणि पुरुष. लिंगाचा प्रश्न फक्त तृतीयपुरुषी एकवचनात येतो, कारण 'दे' सगळ्यांना चालतो. पुरुषाची चूक बहुतेकांच्या नजरेतून सुटते: "इफ अ स्टुडंट वर्क्स हार्ड, यू विल पास." सुरुवात विद्यार्थ्यापासून केली आणि मध्येच वाचणाऱ्याकडे बोट दाखवलं.

विभक्ती मात्र जुळवायची नसते. "मीना कॉल्ड, अँड आय थँक्ड हर" यात मीना कर्ता आहे आणि 'हर' कर्म, तरी वाक्य बरोबर आहे. सर्वनामाचं रूप ते स्वतः वाक्यात कुठे बसलंय त्यावर ठरतं.

३. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे. मग एकवचन कसं?

इंग्रजी इथे एकेकाला वेगळं मोजते. 'ईच', 'एव्हरी', 'आयदर', 'नायदर', 'एव्हरीवन', 'नोबडी' यांना क्रियापद एकवचनी लागतं, आणि परीक्षेच्या इंग्रजीत सर्वनामही एकवचनीच. "ईच ऑफ द गर्ल्स हॅज ब्रॉट हर टिफिन." मधे आलेल्या 'गर्ल्स'मुळे हात आपोआप 'देअर'कडे जातो, आणि पेपर काढणारा नेमकी त्याचीच वाट बघत असतो.

अपवाद दोन. 'ईच' कर्त्याच्या मागून आला तर तो वचन बदलत नाही: "द गर्ल्स हॅव ईच ब्रॉट देअर टिफिन." दुसरा अपवाद अधिक मजेशीर आहे. "एव्हरीवन केम टू द वेडिंग, अँड आय थँक्ड हिम" असं कुणीच लिहीत नाही, कारण आख्ख्या वऱ्हाडातल्या एकाचेच आभार मानल्यासारखं होतं. तिथे 'देम'च येतो. टॅग क्वेश्चनमध्येही तसंच: "एव्हरीबडी नोज धिस, डोन्ट दे?" क्रियापद एकवचनी, सर्वनाम अनेकवचनी, आणि हे परीक्षेतही बरोबर धरतात.

४. मुलगा की मुलगी माहीत नसेल तर 'ही' लिहू, 'ही ऑर शी' लिहू की 'दे'?

कोण वाचणार आहे ते आधी बघा.

जुन्या व्याकरणाची पुस्तकं 'ही' सांगतात. कायद्याचीही तीच रीत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८ मध्ये 'ही' हे सर्वनाम पुरुष किंवा स्त्री कोणाहीसाठी वापरलं आहे, असं म्हटलं होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते ठेवलं, फक्त पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ट्रान्सजेंडर व्यक्तीही आल्या.

एकवचनी 'दे' हे आजकालचं फॅड आहे, असं सांगणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. हा वापर इंग्रजीत १४व्या शतकापासून सापडतो. त्यावर बंदी घालण्याचा आग्रहच नंतरचा. २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, आणि त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीच्या सातव्या आवृत्तीने शोधनिबंधांत तो वापरायला सांगितलं. एखादी व्यक्ती स्वतःसाठी 'दे' वापरत असेल तर तिच्यासाठी तोच वापरायचा. तो एका व्यक्तीसाठी आला तरी क्रियापद 'आर'च राहतं, "दे इज" होत नाही.

चुका शोधायच्या प्रश्नात एकवचनी 'दे' टाळा, तिथे अजून जुनाच हिशेब चालतो. बाकी लिखाणात माझा कल सगळं वाक्य अनेकवचनात नेण्याकडे असतो: "स्टुडंट्स मस्ट कॅरी देअर आयडी कार्ड्स." वाद संपतो.

५. वचन, लिंग, पुरुष सगळं जुळतं, तरी सर 'अर्थ स्पष्ट नाही' असा शेरा मारतात. का?

कारण ते दोघांशी जुळत असतं. "द कप फेल ऑन द सॉसर अँड इट ब्रोक." फुटलं काय?

मराठीत "कप बशीवर पडला आणि ती फुटली" म्हटलं की काम झालं. कप पुल्लिंगी, बशी स्त्रीलिंगी, 'ती' म्हणजे बशीच. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या 'इट'. आपल्या डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं, तिथे ते स्वच्छ असतं. इंग्रजीत उतरताना लिंग गळून पडतं आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण बशी फुटलेली त्याला आधीपासून माहीत असते. मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वनामाचा घोळ होतो तो बहुतेक वेळा या वाटेने, आणि व्याकरणाची पुस्तकं त्याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नाम पुन्हा लिहा: "द कप फेल ऑन द सॉसर, अँड द सॉसर ब्रोक." कप फुटला असेल तर वाक्य फिरवा: "द कप ब्रोक व्हेन इट फेल ऑन द सॉसर." इथे 'इट' बशीचा असूच शकत नाही. दोन व्यक्ती एकाच लिंगाच्या असतील तर त्यांचे शब्द अवतरणात द्या. "सीता टोल्ड राधा दॅट शी हॅड पास्ड" मध्ये पास कोण झालं ते कळत नाही. "सीता टोल्ड राधा, 'यू हॅव पास्ड'" मध्ये कळतं.

शाळेत "तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका" असं शिकवतात. निबंधापुरतं ठीक आहे. सूचनापत्रक, करार, तक्रार अर्ज यांत तो सल्ला खुशाल विसरा.

६. जवळचं नाम तेच मूळ नाम, असा नियम आहे ना?

नाही. "अनिल मेट सुनील व्हेन ही वॉज इन कॉलेज" हे वाक्य दहा जणांना दाखवून बघा. सुनील जवळचा असूनही बरेच जण 'ही' म्हणजे अनिल असंच समजतील, कारण वाचणारा कर्त्याला धरून चालतो. सुनील म्हणणारेही निघतील. म्हणजे जवळ असणं हा एक इशारा आहे आणि कर्ता असणं हा दुसरा. दोन्ही एकाच नामाकडे बोट दाखवत नसतील तर वाक्य बदला. जवळ असण्याला खरं वजन आहे ते 'हू', 'व्हिच', 'दॅट' या संबंधी सर्वनामांत (प्रश्न १४).

७. 'आपल्या'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

"रमेशने सुरेशला आपल्या गाडीने घरी सोडलं." गाडी रमेशची, शंकाच नाही. "त्याच्या गाडीने" म्हटलं असतं तर सुरेशची, किंवा तिसऱ्याच कुणाची. इंग्रजीत दोन्हीचं एकच होतं: "रमेश ड्रॉप्ड सुरेश होम इन हिज कार." 'ओन' जोडून "इन हिज ओन कार" केलं तर फरक पडतो, पण पुरता नाही, सुरेशच्या स्वतःच्या गाडीतून असाही अर्थ कुणी काढू शकतो. गाडी कोणाची हे महत्त्वाचं असेल तर "रमेश टुक हिज कार अँड ड्रॉप्ड सुरेश होम" असं तोडा. 'हिज' येईपर्यंत वाक्यात दुसरा पुरुष आलेलाच नाही.

८. "राजू म्हणाला की मी उद्या येतो" याचं इंग्रजी का चुकतं?

मराठीत 'की'नंतरही राजूचा 'मी' तसाच राहू शकतो आणि ऐकणारा बरोबर समजतो. इंग्रजीत 'दॅट' आला की बोलणारा बदलतो. "राजू सेड दॅट आय वुड कम टुमॉरो" याचा अर्थ राजू येणार असा होत नाही. हे लिहिणारा येणार, असा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष असल्यामुळे कुठलाही स्पेलचेकर ही चूक पकडत नाही. "राजू सेड दॅट ही वुड कम" लिहा, किंवा अवतरणचिन्हं घाला. आता राजू दुसऱ्या पुरुषाबद्दल बोलत असेल तर 'ही' पुन्हा दोघांचा होतो. त्यावरचा उपाय प्रश्न ५ मध्ये आहे.

९. सरांसाठी, साहेबांसाठी आदरार्थी 'दे' चालतो का?

नाही. "सर सेड दॅट दे विल नॉट कम" वाचून इंग्रज माणूस विचारेल, कोण लोक येणार नाहीत? एका पुरुषासाठी 'ही', मग तो मुख्यमंत्री असो. 'ही' लिहिताना अरेतुरे केल्यासारखं वाटतं हे खरं, पण इंग्रजीत आदर 'सर', 'डॉक्टर', 'मिस्टर' अशा संबोधनांतून आणि वाक्याच्या सुरातून येतो.

याचंच भावंड म्हणजे 'वी'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, इंग्रजीत एकच. ग्राहकाला "वी विल हॅव टू पे द टॅक्स" असं लिहिलं तर कर आमची कंपनी भरणार की दोघं मिळून? "अवर कंपनी विल पे" असं लिहून मोकळे व्हा.

१०. पण वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतंच की. इतकं काटेकोर का व्हायचं?

कळतं, पण जगाची माहिती दोघांना सारखी असेल तेव्हाच. संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये दिलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे: "द सिटी काउन्सिलमेन रिफ्यूज्ड द डेमॉन्स्ट्रेटर्स अ परमिट बिकॉज दे फिअर्ड व्हायलन्स." नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण 'त्यांना' हिंसाचाराची भीती होती. 'दे' म्हणजे नगरसेवक. आता 'फिअर्ड' काढून 'ॲडव्होकेटेड' घाला, म्हणजे हिंसेचा पुरस्कार करणारे. 'दे' लगेच निदर्शकांकडे जातो. रचनेत काहीही बदललेलं नाही, बदल झाला तो जगाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याच्या जोरावर. यंत्राला खरंच अर्थ समजतो का हे तपासायला पुढे अशाच वाक्यांची परीक्षा सुचवली गेली, आणि तिला विनोग्राड यांचंच नाव मिळालं.

आता हे बघा: "द मॅनेजर इन्फॉर्म्ड द सप्लायर दॅट ही वुड पे फॉर द ट्रान्सपोर्ट." वाहतुकीचे पैसे कोण देणार हे जगाच्या ज्ञानावरून ठरत नाही. दोघंही देऊ शकतात, आणि बिल आलं की दोघांनाही ते दुसऱ्यानेच द्यायचं होतं असं आठवतं.

११. वाक्याची सुरुवात 'धिस'ने केली की लाल रेघ का येते?

नुसता 'धिस' मागच्या आख्ख्या परिच्छेदाकडे बोट दाखवतो. "द ट्रेन वॉज लेट अँड द ऑफिस वॉज क्लोज्ड. धिस मेड हिम अँग्री." गाडीमुळे राग आला, कचेरीमुळे, की दोन्हीमुळे? 'धिस'पुढे एक नाम ठेवा, जसं "धिस डिले". 'व्हिच'चंही तसंच: "ही फेल्ड, व्हिच सरप्राइज्ड अस" मध्ये तो आख्ख्या घटनेसाठी आहे आणि गोंधळ नाही. "ही फेल्ड द टेस्ट, व्हिच सरप्राइज्ड अस" मध्ये मात्र चकित परीक्षेने केलं की नापास होण्याने, असे दोन अर्थ लागू शकतात.

१२. "प्लीज फाइंड अटॅच्ड द लेटर अँड अक्नॉलेज द सेम." यात काय चूक?

भारतीय कचेऱ्यांमध्ये 'द सेम' हे 'इट'चंच काम करतो. जुन्या सरकारी आणि कायदेशीर इंग्रजीतून तो आपल्याकडे आला आणि मुक्कामाला राहिला. भारतात कुणी अडखळत नाही, परदेशातल्या वाचणाऱ्याला ते जुनाट वाटतं. माझा आक्षेप जुनाटपणाला नाही. "वुई हॅव रिसीव्ह्ड युअर इन्व्हॉइस अँड द डॅमेज्ड गुड्स. काइंडली अरेंज टू रिप्लेस द सेम." बदलून काय द्यायचं? एकच वस्तू असेल तर 'इट' लिहा, दोन असतील तर नाव घ्या: "प्लीज रिप्लेस द गुड्स."

१३. टीम, कमिटी, पोलीस, न्यूज यांना 'इट' की 'दे'?

समूह एकदिलाने वागला तर 'इट': "द ज्युरी गेव्ह इट्स व्हर्डिक्ट." आतल्या आत फाटाफूट झाली तर 'दे': "द ज्युरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन." अमेरिकन इंग्रजीत कल एकवचनाकडे, ब्रिटिशांत अनेकवचन सहज खपतं. एकाच वाक्यात क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी ठेवू नका. "द टीम हॅज लॉस्ट देअर मॅच" यावर गुण जातात.

'पोलीस' नेहमी 'दे'. 'न्यूज', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' नेहमी 'इट', आपल्या बातम्या कितीही असोत. 'सिझर्स' आणि 'ट्राउझर्स' एकच असले तरी 'दे'.

१४. 'हू' नेमका कोणाला लागतो?

सहसा लगेच आधीच्या नामाला. "आय मेट द ब्रदर ऑफ अ सर्जन हू लिव्ज इन सातारा." साताऱ्यात कोण राहतो? मराठीत "साताऱ्यात राहणाऱ्या सर्जनचा भाऊ" आणि "सर्जनचा साताऱ्यात राहणारा भाऊ" असा शब्दक्रमच फरक सांगतो. इंग्रजीत भाऊ साताऱ्यात असेल तर "अ सर्जन्स ब्रदर हू लिव्ज इन सातारा" करा, म्हणजे 'ब्रदर' आणि 'हू' शेजारी येतात.

परीक्षेतला लाडका सापळा: "शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅव सबमिटेड देअर फॉर्म्स." इथे 'हू'चं मूळ नाम 'गर्ल्स', म्हणून 'हॅव' आणि 'देअर'. आधी 'द ओन्ली' आलं की चित्र उलटतं: "शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू हॅज सबमिटेड हर फॉर्म."

१५. 'ऑर', 'नॉर' आणि 'अँड' असताना कोणाशी जुळवायचं?

'ऑर' आणि 'नॉर' असेल तर शेवटच्या नामाशी. म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवा: "नायदर द कॅप्टन नॉर द प्लेअर्स लाइक्ड देअर हॉटेल." "आयदर मीना ऑर अनिल विल लेंड यू हिज स्कूटर" हे नियमात बसतं आणि तरीही विचित्र वाचतं, "विल लेंड यू अ स्कूटर" करून सर्वनामच काढून टाका.

'अँड'मध्ये 'द' मोजा. "द पोएट अँड नॉव्हेलिस्ट रीड फ्रॉम हिज वर्क" म्हणजे माणूस एकच. "द पोएट अँड द नॉव्हेलिस्ट" म्हणजे दोघं, म्हणून 'देअर'.

१६. "मीनाज एसे" मधली मीना 'शी'चं मूळ नाम होऊ शकते का?

एका जुन्या नियमाप्रमाणे नाही: षष्ठीतलं नाम विशेषणासारखं असतं, त्याला सर्वनाम लावू नये. या नियमाने अमेरिकेत चांगलाच गोंधळ घातला होता. ऑक्टोबर २००२ च्या पीएसएटी या शाळकरी मुलांच्या परीक्षेत "टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टू क्रिएट नॉव्हेल्स" अशी सुरुवात असलेलं वाक्य चूक शोधायला दिलं होतं. अपेक्षित उत्तर होतं, चूक नाही. एका शिक्षकाने आक्षेप घेतला की 'हर'ला मूळ नामच नाही, कारण 'टोनी मॉरिसन' षष्ठीत आहे. पत्रव्यवहार झाला, आणि २००३ मध्ये परीक्षा घेणाऱ्यांनी तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले.

माझ्या मते वाक्य बरोबरच होतं. "मीनाज मदर लव्ज हर" यात कोणाची गफलत होते? टाळायचं ते "इन मीनाज एसे, शी सेज" हे. "इन हर एसे, मीना सेज" लिहिलं की ते आटोपशीर होतं.

१७. मग सर्वनाम आधी आणि नाम नंतर चालतं?

चालतं, नाम त्याच वाक्यात लगेच येणार असेल तर. "बिफोर शी लेफ्ट, मीना लॉक्ड द डोअर." सर्वनाम मुख्य वाक्यात आणि नाम 'बिफोर'च्या उपवाक्यात असेल तर मात्र चालत नाही: "शी लॉक्ड द डोअर बिफोर मीना लेफ्ट" मध्ये 'शी' म्हणजे मीना नाही, दुसरीच कुणीतरी.

१८. देश, जहाज, मांजर, तान्हं बाळ: 'शी' की 'इट'?

देशाला आणि जहाजाला 'शी' म्हणणं जुन्या वळणाचं. सागरी व्यापाराची बातमी देणाऱ्या 'लॉइड्स लिस्ट'नेही २००२ मध्ये जहाजांना 'इट' म्हणायला सुरुवात केली. आज 'इंडिया'ला 'इट्स' लिहा. घरच्या मांजराला 'ही' किंवा 'शी', गल्लीतल्या अनोळखी मांजराला 'इट'. बाळाचं लिंग माहीत नसेल तर इंग्रजीत 'इट' चालतो, पण त्याच्या आईसमोर नको.

१९. "शी लाइक्स हिम मोअर दॅन मी" बरोबर की "दॅन आय"?

दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. 'दॅन मी' म्हणजे मी तिला जेवढा आवडतो त्यापेक्षा तो जास्त आवडतो. 'दॅन आय' म्हणजे मला तो जेवढा आवडतो त्यापेक्षा तिला जास्त. बोलण्यात मात्र लोक दोन्हीसाठी 'मी'च वापरतात, त्यामुळे लिहिताना क्रियापद पूर्ण करा: "मोअर दॅन आय डू" किंवा "मोअर दॅन शी लाइक्स मी".